विश्लेषण : संगणक थंड ठेवणारी पारदर्शक नळी दुधाळ का होते? ती निवडायची कशी?

संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड पाण्याने थंड ठेवणारी ‘कस्टम लूप’ यंत्रणा स्वतः जुळवणाऱ्यांची सगळी चर्चा ब्लॉक, पंप आणि रेडिएटरभोवती फिरते. नळी शेवटी, उरलेल्या पैशांत घेतली जाते. मात्र काही महिन्यांनी कॅबिनेटच्या काचेआड सर्वात आधी खराब दिसू लागते ती नळीच. काचेसारखी स्वच्छ असलेली नळी आधी धुरकट, मग दुधाळ होते. प्रश्न केवळ दिसण्याचा असता तर दुर्लक्ष करता आले असते. पण नळीतून सुटणारा पदार्थ पाण्याबरोबर फिरून महागड्या ग्राफिक्स कार्डावरील ब्लॉकच्या बारीक फटींत अडकू शकतो. हे का घडते आणि नळी विकत घेताना काय पाहावे, याविषयी…

नळीचे काम नेमके किती?

प्रोसेसर किंवा ग्राफिक्स चिपवर बसवलेल्या तांब्याच्या ब्लॉकमधून पंप पाणी ढकलतो, पाणी चिपची उष्णता उचलते आणि पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये ती हवेत सोडते. या फेरीत नळी केवळ वाहतूक करते. उष्णता बाहेर टाकण्यात तिचा वाटा नगण्य असतो. त्यामुळे ‘जाड नळी घेतली की संगणक जास्त थंड राहतो’ हा समज फारसा खरा नाही. पाण्याला खरा अडथळा होतो तो ब्लॉकच्या आतील सूक्ष्म फटींमध्ये. त्या तुलनेत १० मिलिमीटर आतील व्यासाची नळीही राजमार्गच असते. १० ऐवजी १३ मिलिमीटरची नळी लावल्याने तापमानात जाणवण्याजोगा फरक पडत नाही.

आधी प्रोसेसर थंड करायचा की ग्राफिक्स कार्ड, यावर होणारा वादही असाच. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल आणि दोन्ही मिळून ५०० वॉट उष्णता टाकत असतील, तर संपूर्ण फेरीत पाण्याचे तापमान दोन अंशांच्या आतच वाढते. म्हणून क्रम ठरवताना नळी कोणत्या मार्गाने कमीत कमी मुरड घेऊन जाईल, एवढेच पाहिले तरी पुरते.

थोडक्यात, नळीकडून तीन अपेक्षा असतात : गळू नये, मुडपू नये आणि पाण्यात काही सोडू नये. यातील तिसरी अपेक्षा पारदर्शक मऊ नळीला सर्वात जड जाते.

मऊ नळी मऊ कशामुळे असते?

बाजारातील बहुतेक पारदर्शक मऊ नळ्या पीव्हीसीच्या असतात. घराच्या गच्चीवरील टाकीपासून खाली येणारा कडक पाइपही पीव्हीसीचाच. एकाच प्लास्टिकची दोन रूपे इतकी वेगळी दिसतात, कारण मऊ नळीत तेलासारखा एक पदार्थ मोठ्या प्रमाणात मिसळलेला असतो. त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. प्लास्टिकच्या लांबलचक रेणूंच्या मध्ये शिरून तो त्यांना एकमेकांवरून सरकू देतो, त्यामुळे कडक पदार्थ लवचीक होतो. अमेरिकेतील बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन हा रसायनशास्त्रज्ञ १९२६ मध्ये रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होता. त्या खटपटीत त्याच्या हाती हे मऊ पीव्हीसी लागले. सलाइनची नळी, रक्ताची पिशवी, रेक्झिन, वायरीवरील आवरण हा सगळा पसारा त्यातूनच पुढे वाढला.

यातील कळीची गोष्ट अशी की, प्लास्टिसायझर पीव्हीसीला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. तो केवळ मुरलेला असतो. त्यामुळे वेळ, उष्णता आणि सतत वाहणारा द्रव मिळाला की तो हळूहळू बाहेर येतो. जुन्या रेक्झिनला चिकटपणा येतो आणि पुढे ते कडक होऊन तडकते, त्यामागेही हेच कारण असते. नळी जितकी मऊ, तितके तिच्यात प्लास्टिसायझरचे प्रमाण सहसा अधिक. दुकानात हातात घेतल्यावर ‘किती छान वळते’ असे वाटायला लावणारा गुण आणि वर्षभराने त्रास देणारा दोष हे एकाच पदार्थाचे आहेत.

पांढरेपणा नेहमी प्लास्टिसायझरचाच असतो का?

नाही, आणि येथेच बहुतेकांची गल्लत होते. मऊ पीव्हीसी थोडे पाणी शोषून घेते. पाण्याचे सूक्ष्म कण प्लास्टिकच्या आत साठले की प्रकाश विखुरतो आणि नळी धुरकट दिसते. हा बदल बराचसा तात्पुरता असतो. बांधकामावर गवंडी लेव्हल काढण्यासाठी जी पाण्याची पारदर्शक नळी वापरतात, ती ओली असताना धुरकट आणि कोरडी पडून राहिल्यावर पुन्हा स्वच्छ झालेली अनेकांनी पाहिली असेल. संगणकातील नळीलाही हाच नियम लागू होतो.

प्लास्टिसायझरचा थर मात्र वेगळा. तो नळीच्या आतल्या पृष्ठभागावर मेणकट, पांढरट पटलासारखा बसतो आणि बोळा फिरवला तर निघून येतो. ओळखण्याची साधी पद्धत म्हणजे यंत्रणा रिकामी केल्यावर नळीचा लहानसा तुकडा कापून काही दिवस हवेशीर जागी वाळू द्यावा. तो पुन्हा पारदर्शक झाला, तर पाणी शोषल्याचा परिणाम होता. आतून चिकट, पांढरा थर तसाच राहिला, तर प्लास्टिसायझर सुटतो आहे आणि ब्लॉक उघडून पाहण्याची वेळ आली आहे.

तिसरी शक्यता रंगाची. रंगीत कूलंट वापरल्यास त्यातील रंग नळीत मुरतो आणि पुढे पाणी बदलले तरी निघत नाही. लाल रंगाचे कूलंट काढून निळे भरले की नळीला जांभळट छटा येते, ती त्यामुळेच. ज्याला रंग बदलत राहण्याची हौस आहे त्याने प्रत्येक वेळी नळीचाही खर्च धरावा.

धोका नळीला की ब्लॉकला?

नळी स्वस्त असते. वर्षभराने फेकून दिली तरी फार बिघडत नाही. खरा प्रश्न पुढे आहे. ब्लॉकच्या आत, चिपच्या अगदी वर, तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी असते. दोन पात्यांमधील फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी असते. फट जितकी अरुंद तितकी उष्णता चांगली उचलली जाते, पण तितकीच ती चोंदायलाही सोपी. पाण्याबरोबर फिरणारा मेणकट पदार्थ येथे अडकला की गाळणीसारखा साठत जातो. प्रवाह मंदावतो, चिपचे तापमान महिन्यागणिक एक-दोन अंशांनी चढते. सुरुवातीला उन्हाळ्याला किंवा धुळीला दोष दिला जातो. ब्लॉक उघडल्यावर पात्यांवर पांढरी साय दिसते तेव्हा उलगडा होतो.

अर्थात प्रत्येक गाळाचे खापर नळीवर फोडणेही चूक ठरेल. स्वस्तातल्या काही रेडिएटरमध्ये ॲल्युमिनियम असते आणि ब्लॉक तांब्याचा असतो. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की ॲल्युमिनियम गंजत जाते आणि त्याचाही पांढरट गाळ होतो. हा गाळ वाळूसारखा किंवा पिठूळ लागतो. प्लास्टिसायझर बोटाला तेलकट लागतो. नवीन रेडिएटरमध्ये झाळकामाचे अवशेषही राहिलेले असतात, म्हणून तो बसवण्यापूर्वी चांगला धुवावा लागतो.

‘ॲडव्हान्स्ड’, ‘अल्ट्रा क्लिअर’ या शब्दांचा अर्थ किती?

पाकिटावरील विशेषणांपेक्षा नळी कशाची बनली आहे, हा एक प्रश्न विचारला तरी पुरेसे होते. ‘थॅलेट-फ्री’ किंवा ‘नॉन-डीईएचपी’ लिहिलेले असते तेव्हा बरेच ग्राहक नळीत प्लास्टिसायझरच नाही असा अर्थ काढतात. तसे नाही. थॅलेट हा प्लास्टिसायझरचा एक गट आहे आणि डीईएचपी हा त्यातील एक सदस्य. आरोग्याच्या कारणांनी तो टाळून दुसरा वापरला, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. दुसराही सुटू शकतो. कमी-अधिक वेगाने, इतकेच. ‘प्लास्टिसायझर-फ्री’ हा स्पष्ट शब्द असेल आणि सोबत पदार्थाचे नाव दिले असेल, तरच तो दावा विचारात घ्यावा.

सेंट-गोबेन कंपनीच्या टायगॉन या नावाखाली प्रयोगशाळा आणि उद्योगांसाठी अनेक प्रकारच्या नळ्या मिळतात. संगणकाच्या छंदवर्तुळात हे नाव जुने आणि आदराचे आहे. पण ‘टायगॉन’ म्हणजे एकच नळी नव्हे. त्यात प्लास्टिसायझर असलेले पीव्हीसीचे प्रकार आहेत, प्लास्टिसायझर नसलेले प्रकार आहेत आणि अपारदर्शक रबरी प्रकारही आहेत. नुसते नाव ऐकून घेण्यापेक्षा क्रमांक पाहून, त्या क्रमांकाचे माहितीपत्रक वाचून घेणे शहाणपणाचे.

पीव्हीसीखेरीज पारदर्शक पर्याय फार नाहीत. पॉलियुरेथेनची नळी स्वच्छ दिसते आणि तिला मऊ करण्यासाठी सहसा वेगळा प्लास्टिसायझर लागत नाही, मात्र ती ताठ असते. कॅबिनेटमधील अरुंद वळणांवर ती हट्टी वागते. शिवाय तिचेही दोन प्रकार आहेत. ईथर प्रकार पाण्यात टिकतो, एस्टर प्रकार पाण्याने हळूहळू खराब होतो. हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांसाठी विकली जाणारी नळी यापैकी कोणती, हे न पाहता आणू नये. सिलिकॉनची नळी अतिशय मऊ, उष्णतेला दाद न देणारी. पण ती काचेसारखी पारदर्शक नसते, लवकर मुडपते आणि तिच्या भिंतीतून पाण्याची वाफ सहज निसटते. टाकीतील पातळी मग वारंवार भरून काढावी लागते.

आणि अपारदर्शक पर्याय एकच सांगण्यासारखा : ईपीडीएम हे काळे रबर. मोटारीच्या रेडिएटरची नळी याच रबराची असते. स्लोव्हेनियातील ईके कंपनीने संगणकासाठी आणलेल्या अशा नळीचे नावच ‘झीरो मेंटेनन्स ट्यूबिंग’ ठेवले होते. कारखान्यातून भरून, सीलबंद येणाऱ्या ‘ऑल-इन-वन’ कूलरची नळीही साधारणतः काळ्या रबराचीच असते. ज्या कंपनीला पाच-सहा वर्षांची वॉरंटी द्यायची आहे आणि मधे पाणी भरण्याची सोय ठेवायची नाही, ती पारदर्शक नळीच्या वाटेला जात नाही. हा संकेत बोलका आहे. तरीही वाहते पाणी दिसावे म्हणूनच अनेक जण हा खटाटोप करतात आणि छंदात ते कारण पुरेसेही असते. मात्र पारदर्शकतेची किंमत दरवर्षीच्या देखभालीत मोजावी लागते, हे आधीच धरून चालावे.

मापांचा गोंधळ कुठे होतो?

नळीचे माप दोन आकड्यांत दिले जाते : आतील व्यास आणि बाहेरील व्यास. १०/१३, १०/१६ आणि १३/१९ मिलिमीटर ही नेहमीची मापे. गोंधळ होतो तो १३ या आकड्याने. १०/१३ मध्ये १३ हा बाहेरचा व्यास आहे, तर १३/१९ मध्ये तोच आतला. ‘१३ ची नळी द्या’ एवढेच सांगून मागवलेली नळी मग फिटिंगमध्ये शिरतच नाही. मिलिमीटरऐवजी इंचात माप असेल, तर तीन अष्टमांश-पाच अष्टमांश इंच म्हणजे ९.५/१५.९ मिलिमीटर, ते १०/१६ च्या फिटिंगमध्ये बहुधा बसते. तरी फिटिंगच्या कंपनीने तसे लिहिले आहे का, ते पाहावे. फिटिंगचा ब्लॉककडील आटा जवळपास सर्वत्र ‘जी एक चतुर्थांश’ या मापाचा असतो, त्यामुळे तिकडे अडचण येत नाही. कॉम्प्रेशन फिटिंगची बाहेरील रिंग मात्र नळीच्या बाहेरच्या व्यासाशी जुळलीच पाहिजे. ती सैल राहिली तर गळते, घट्ट झाली तर नळी कापली जाते.

दोन आकड्यांतील फरकाचा अर्धा म्हणजे भिंतीची जाडी. १०/१३ ची भिंत दीड मिलिमीटर, १०/१६ ची तीन. पातळ भिंतीची नळी नाजूक, देखणी दिसते; पण आखूड वळणावर ती चपटी होऊन मुडपते आणि प्रवाह तुटतो. त्यामुळे पहिल्यांदाच लूप बांधणाऱ्याने १०/१६ घ्यावी. १३/१९ भारदस्त दिसते, मात्र तिची फिटिंग इतकी रुंद असते की ग्राफिक्स कार्डावर शेजारी शेजारी बसवताना एकमेकांना अडतात.

विदर्भातील उन्हाळ्यात वेगळा विचार करावा का?

करावा. कितीही मोठा रेडिएटर लावला तरी पाण्याचे तापमान खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. चांगल्या जुळणीत पूर्ण भाराखाली पाणी खोलीपेक्षा साधारण १० ते १५ अंशांनी अधिक गरम असते. युरोपातील २२ अंशांच्या खोलीत ते ३५ च्या आसपास राहते. नागपूर किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या ३८ अंशांच्या खोलीत तेच पाणी ५० च्या पुढे जाते. लूपमधील बऱ्याच सुट्या भागांना, पंपासह, ६० अंशांची मर्यादा दिलेली असते. म्हणजे राखीव फरक फार उरत नाही. या तापमानाला मऊ पीव्हीसी आणखी मऊ पडते, फिटिंगवरील तिची पकड सैलावू शकते आणि प्लास्टिसायझर सुटण्याचा वेगही वाढतो. परदेशी वापरकर्ते नळी दोन वर्षे टिकल्याचे सांगतात तेव्हा त्यांच्या खोलीचे तापमानही लक्षात घ्यायला हवे. अशा ठिकाणी रेडिएटर एक आकार मोठा घेणे आणि फिटिंगच्या रिंगा उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा तपासणे हिताचे.

कोकणातील दमट हवेत नळीला घाम येऊन पाणी मदरबोर्डवर ठिबकेल, ही भीती मात्र निराधार आहे. माठ किंवा फ्रीजमधील बाटली खोलीपेक्षा थंड असते म्हणून तिच्यावर थेंब जमतात. लूपमधील पाणी नेहमीच खोलीपेक्षा थोडे गरम असते.

हार्डवेअरच्या दुकानातील नळी चालेल का?

गल्लीतील दुकानात मीटरवर मिळणारी पारदर्शक नळी आणि संगणकासाठीची नळी यांच्या किमतीत मोठी तफावत असते, त्यामुळे हा प्रश्न वारंवार विचारला जातो. पाणी तिच्यातूनही वाहील. पण तिच्या व्यासात जागोजागी थोडा फरक असतो, भिंत बहुधा पातळ असते आणि ती कशापासून बनवली, हे दुकानदारही सांगू शकत नाही. पंप आणि टाकी टेबलावर ठेवून प्रयोग करायला ती ठीक. ग्राफिक्स कार्डाच्या वर चार बोटे अंतरावर ती लावण्यात शहाणपण नाही.

पाणी कोणते भरावे?

नळाचे पाणी नको, हे बहुतेकांना ठाऊक असते. आरओचे पाणीही नको. त्यात काही क्षार उरतातच. डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात शेवाळ आणि जिवाणू रोखणारे बायोसाइड व गंजरोधक घालावे, किंवा तयार कूलंट घ्यावे. पारदर्शक नळीत बायोसाइड टाळता येत नाही, कारण प्रकाश थेट पाण्यापर्यंत पोहोचतो आणि शेवाळाला तेवढेच निमित्त हवे असते. दुधी, पेस्टल रंगाच्या कूलंटमध्ये तरंगते कण असतात, ते कालांतराने खाली बसू शकतात. मोत्यासारखी झळाळी देणारी काही मिश्रणे तर केवळ प्रदर्शनासाठी असतात. ब्रिटनच्या मेहेम्स कंपनीने तिच्या ‘ऑरोरा’ कूलंटबाबत तशी सूचना दिलेली होती. रोज वापरायच्या संगणकात रंगहीन द्रवच बरा. नळीत काही सुटू लागले तर ते त्यात लगेच दिसते.

बसवताना काय सांभाळावे?

नवी नळी आतून कोमट डिस्टिल्ड पाण्याने धुऊन घ्यावी. टोक काटकोनात कापावे. कात्रीने कापल्यास नळी दबून कड तिरपी होते, त्यासाठी नळी कापण्याचा कटर मिळतो. टोक मिनिटभर गरम पाण्यात धरले की फिटिंगवर सहज चढते. नळी गुंडाळीत आलेली असते आणि ती वळणे विसरत नाही, म्हणून तिच्या नैसर्गिक बाकाचा उपयोग करून मार्ग आखावा. प्रत्येक तुकडा दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवावा. ताणून बसवलेली नळी उन्हाळ्यात सरकते.

पाणी भरण्याआधी हवेच्या छोट्या पंपाने साधारण अर्धा बार दाब देऊन पाहावा आणि काटा उतरत नाही ना, याची खात्री करावी. सुट्या भागांवर याहून कमी मर्यादा लिहिली असेल तर ती पाळावी. ते साधन नसेल तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाचा वीजपुरवठा तोडून केवळ पंप काही तास चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवावा. ओला झालेला कागद लगेच दिसतो.

पुढे दर सहा महिन्यांनी टॉर्च लावून नळीची आतली बाजू पाहावी आणि वर्षातून एकदा पाणी बदलतानाच नळीही बदलावी. ब्लॉक धुताना पात्यांवरून मऊ टूथब्रश फिरवला तरी बराच थर निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल तेलकट थर चांगला काढते, पण ब्लॉकचे झाकण ॲक्रिलिकचे असेल तर ते त्याला लागू देऊ नये. ॲक्रिलिकला तडे जातात. हे सगळे सोपे व्हावे म्हणून लूपच्या सर्वात खालच्या टोकाला पाणी काढण्याची तोटी पहिल्याच दिवशी बसवून घ्यावी. ती नसली की नळी बदलायची म्हणजे पाण्याने भरलेले कॅबिनेट उचलून तिरके करावे लागते.